शिक्क्यांची वही

"तैपेईत आपण दोघंही नवखे. हरवलो तर मजाच येईल!" पाठीवर सॅक चढवताना माझा नवरा शुहेई म्हणाला होता. पण आम्ही एकदाही हरवलो नाही. नकाशा न बघता मीच पुढे चालत होते. इथे स्टेशनांवर पर्यटकांसाठी रबरी शिक्के ठेवलेले असतात. ते मी त्याच्याच हातानं नव्या वहीत उमटवून घेत होते.

दुसऱ्या दिवशी शेवयांच्या गाडीवरच्या बाईनं त्याला मोडक्या जपानीत विचारलं, "या खेपेलाही कोथिंबीर नको ना?"

"अगं, यांना सगळे जपानी सारखेच दिसतात," तो मला म्हणाला.

तिसऱ्या दिवशी डोंगरावर चहा पिताना मी त्याची जुनी वही टेबलावर ठेवली. तेच शिक्के, त्याच क्रमानं. तारखा गेल्या मार्चच्या, हा ऑफिसच्या ट्रेनिंगला जपानातच, साप्पोरोला गेला होता म्हणे, तेव्हाच्या. प्रत्येक शिक्क्याशेजारी लाल शाईचा बदाम आणि मिनामी नावाच्या कुणा बाईची सही.

"आता एकच शिक्का राहिलाय," म्हणत मी घटस्फोटाचा अर्ज उलगडला. जपानात अशा कागदावर सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारतात. माझ्या नावापुढे माझा शिक्का होता. त्याच्या नावापुढची जागा कोरी होती.

"अगं, इथे कसा मारणार? माझा शिक्का घरी, आईच्या कपाटात आहे."

मी सॅकच्या कप्प्यातून तो काढला आणि त्याच्या कपाशेजारी ठेवला.

"निघताना आईंनीच दिला. म्हणाल्या, नीट दाबून घे त्याच्याकडून, पुसट नको."