लॉगिन हैदराबादहून

सकाळी ईमेल उघडताच हेमलताबाईंना सूचना दिसली, ‘तुमच्या खात्यात हैदराबादहून लॉगिन झाले आहे.’ बाई तर वर्षभर कुडाळ सोडून कुठे गेल्या नव्हत्या. हैदराबादेत राहत होता त्यांचा मुलगा निनाद. आपल्याला न विचारता लग्न केलं म्हणून दीड वर्ष त्या त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. खात्याचा पासवर्ड मात्र त्यानंच करून दिलेला.

म्हणजे लेक चोरून आपली पत्रं वाचतो तर! बाईंना आधी राग आला, मग का कोण जाणे, बरंच वाटलं. त्यांनी तडक फोन लावला.

“आईची खुशाली हवी तर सरळ विचारावं. अशी चोरी कसली करतोस?”

निनाद गडबडला. सगळं ऐकून घेतल्यावर हसू दाबत म्हणाला, “आई, ते लॉगिन तुझंच आहे. तुझ्या फोनचं इंटरनेट हैदराबादवरून फिरून येत असेल, म्हणून गाव चुकीचं दाखवतंय. मी काही उघडलं नाही.”

हेमलताबाई ओशाळल्या. दीड वर्षाचा ताठा फुकट गेला म्हणायचा! “बरं, मग ठेवते,” त्या म्हणाल्या, पण ठेवला नाही.

“नको ठेवूस,” निनाद घाईनं म्हणाला. “देविका इथंच बसलीय. फोन स्पीकरवर आहे, तिनं सगळं ऐकलंय.”

“अगंबाई!” म्हणत हेमलताबाईंनी उगीचच पदर सारखा केला आणि आयुष्यात पहिल्यांदा सुनेला विचारलं, “चहा झाला का गं तुझा?”