पात्यावरचं कुंकू

"आज नाही म्हणजे नाही," मकबूलभाई म्हणाले. "खंडेनवमी आहे. हत्यारं पूजेला बसलीत. तू जयसिंगची मुलगी, हे तुला मी सांगायचं?"

"काका, सौरभ उद्या पहाटे ताम्हिणी घाटातून कोकणात निघालाय," पूर्वा म्हणाली. "एकटाच. समोर ट्रक दिसला की तो ओलांडल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. परवा ओव्हरटेक करताना गाडी गचके खात होती. काही झालं म्हणजे?"

मकबूलभाई विरघळले. जयसिंग जाताना पोरीला त्यांच्या पदरात टाकून गेला होता. दोघांनी मिळून कसब्यात हे गॅरेज काढलं, तेव्हा खराडीत नुसती शेतं होती. आता तिथल्याच एका आयटी कंपनीत जावई बसत होता आणि टर्बोची गाडी उडवत होता.

पूजा मात्र अजून जयसिंगचीच. तो गेला तरी त्याची बायको, मथुरावहिनी, दर खंडेनवमीला सकाळी येऊन हळदकुंकू वाहायच्या. फिलर म्हणजे तर जयसिंगचा जीव की प्राण. एका मुठीत दुमडलेली पोलादी पाती, प्रत्येकाची जाडी वेगळी. प्लगच्या टोकाशी जी फट असते, तिच्यात घालून ती मोजायची. वहिनी ते पंख्यासारखं उघडून एकेका पात्यावर कुंकवाचं बोट टेकवायच्या. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. या दिवशी उचललेलं हत्यार रक्त मागतं, असं जयसिंग म्हणायचा. मकबूलभाई त्याला हसायचे, पण हात लावायचे नाहीत.

"चल, एक चक्कर तरी मारून बघू," ते म्हणाले.

शनिवारवाड्याला वळसा घालून आले. गाडी लोण्यासारखी पळाली.

"कुठाय गं तुझा गचका?"

"शहरात कळत नाही, काका. जोरात दाबल्यावर कळतं."

तेही खरंच होतं. पूर्वानं डिकीतला स्वतःचा पाना काढला आणि प्लग खोलले. जुने प्लग छान बिस्किटी रंगाचे निघाले. असा प्लग दाखवून जयसिंग गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवायचा.

"अगं, हे ठणठणीत आहेत. कशाला बदलतेस?"

"असू देत. मला धोका नको." तिनं पर्समधून नव्या डब्या काढल्या.

मकबूलभाईंनी त्या डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. "थंड जातीचे आणलेस. टर्बोला हेच लागतात. शाब्बास! बापाची लेक शोभतेस."

"मग डबीतून काढून तसेच बसवू?"

"खबरदार! डबीतला गॅप रामभरोसे. टर्बो हवा कोंबतो. फट मोठी राहिली की ठिणगी विझते, वाऱ्यावर पणती विझावी तशी. आणि विझते कधी? पाय दाबला की. म्हणजे आपण ट्रकच्या बरोबरीला, समोरून एसटी येतीय, आणि गाडीनं मान टाकली!"

"अगदी त्याच वेळी?"

"त्याच वेळी. एरवी शहाण्यासारखी चालेल."

पूर्वानं मान डोलावली आणि ग्रीसनं काळ्यानिळ्या झालेल्या हातावर वर सरकलेली बाही मनगटापर्यंत खाली ओढली. ऑक्टोबरच्या उकाड्यात लांब बाह्या! एसीत राहणाऱ्यांची तऱ्हाच न्यारी, मकबूलभाईंच्या मनात आलं.

बाहेर तांबट आळी चिडीचूप होती. वर्षभर कान किटवणारे हातोडेही आज पूजेत होते. असली शांतता मकबूलभाईंना सोसायची नाही. उदबत्तीचा धूर गॅरेजात नुसता साठून राहिला होता, दार उघडं असूनही बाहेर जात नव्हता.

"काका, फिलर बाबांचं. म्हणजे माझंच ना?" पूर्वा हळूच म्हणाली. "मी उचलते. पाप लागलं तर मला लागू दे."

मकबूलभाईंचे डोळे भरून आले. नवऱ्यासाठी बाई काय काय अंगावर घेते! त्यांनी दोनदा नाही म्हणून पाहिलं. मग घाटातला तो ट्रक डोळ्यांसमोर आला.

"पॉइंट सातचं पातं," ते शेवटी म्हणाले. "बारीक नको, जाड नको. लहानपणी शिकवलंय तुला."

"आठवतंय, काका. सगळं आठवतंय."

असरच्या नमाजाची वेळ झालीच होती. पूजेतलं हत्यार उचललेलं बघवणारही नव्हतं, म्हणून ते तडक मशिदीत गेले. तिथे त्यांनी जावयाच्या सुखरूप प्रवासासाठी दुआ मागितली.

परत आले तेव्हा बॉनेट बंद होतं. फिलर पाटावर होतं तसंच उघडून ठेवलेलं, वर झेंडूचं फूलही होतं. पूर्वा नळावर हात धूत होती. बराच वेळ धूत होती.

"नीट जमलं?"

"जमलं."

"हळू चालव म्हणावं त्याला."

"सांगून ऐकणाऱ्यातला असता तर काय हवं होतं, काका," ती म्हणाली आणि एकदम वाकून त्यांच्या पाया पडली. असं तिनं कधी केलं नव्हतं. मकबूलभाईंना कसंसंच झालं. गाडी गल्लीतून बाहेर पडली, अगदी आवाज न करता.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी गॅरेज उघडलं आणि पहिला फोन जावयाला लावला. लागला नाही. घाटात रेंज नसते, त्यांनी मनाची समजूत घातली. तांबट आळीत पहिला हातोडा पडला, तसे ते दचकले.

मग पाटापाशी बसून त्यांनी फिलर उचललं. वापरलेलं पातं पुसून तेल लावून ठेवायचं, ही जयसिंगची शिस्त. त्यांनी पॉइंट सातचं पातं शोधलं. त्याच्यावर मथुरावहिनींचं कुंकवाचं बोट जसंच्या तसं होतं. गोल, ठसठशीत, कोरडं.

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. मग एकेक पातं बाजूला सारत गेले. प्रत्येकावर कुंकू जागच्या जागी होतं.

फक्त शेवटच्या, सगळ्यात जाड पात्यावरचं पुसलं गेलं होतं.