उथळ पाणी

मार्चमधला तिसरा रविवारही मासा न लागता कोरडा चालला होता. डब्लिनमधल्या घरामागच्या छोट्या तळ्यात उल्हासनं पुन्हा गळ टाकला. उथळ पाणी लवकर तापतं, बास मासे आधी तिथेच येतात, असं तो बायकोला समजावत होता. पाणी मात्र अजून बर्फासारखं गार होतं.

"एवढी घाई कशाला?" विनीता म्हणाली. "मेमध्ये मोठ्या तलावावर जाऊ ना."

"जाऊ की," तो म्हणाला. डॉक्टरांनी एप्रिलपर्यंतचीच मुदत दिली आहे, हे त्यानं तिच्यापासून लपवलं होतं.



"काल हॉस्पिसमधून फोन आला होता," ती म्हणाली. "तुझा बेड घरी कधी पाठवू, विचारत होते."