पुलावरचा नवरा

पालिकेच्या पडद्यावर संगणकानं उभं केलेलं अख्खं शहर, माणसांसकट, हुबेहूब चालत होतं. अभियंता निंबकरांनी त्यातला एक माणूस मोठा करून दाखवला.

"हे बघा ताई, तुमचे मिस्टर. रोज पादचारी पुलावरून जातात. इथं खालून कुणीच रस्ता ओलांडत नाही. मग सिग्नल कशाला?"

द्वारकाबाईंचा नवरा महिन्यापूर्वी त्याच रस्त्यावर ट्रकखाली गेला होता. पडद्यावर तो झपाझप पायऱ्या चढत होता.

"साहेब, त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू होता. त्यांना जिना चढवत नव्हता."

"आम्ही सगळ्यांचे पाय सारखेच धरतो," म्हणत निंबकरांनी पडदा बंद करायला हात पुढे केला.

"थांबा," द्वारकाबाई म्हणाल्या, "घरी पोचू दे त्यांना."