नवसीचा नकाशा

अडुसष्ट साली बोईसरच्या एका रेडिओ कारखान्यात नवापूरच्या नऊ बायका तांब्याच्या पाट्यांवर ब्रशनं रेघा रंगवायच्या. पाटी तेजाबात बुडवली की रंगाखालचं तांबं तेवढं उरायचं आणि त्याच वाटांनी वीज धावायची. नवसी त्यांच्यातली एकटीच सातवी शिकलेली. दर शनिवारी मुंबईहून येणाऱ्या टिपणीस साहेबांनी तिला त्या वाटांचा नकाशाच आखायला शिकवलं.

साहेब कधी ओरडले नाहीत. "या दोन रेघा फार जवळ आल्या बघ, सुटे भाग जोडताना वितळलेला डाख एकीवरून दुसरीवर ओघळेल," असं समजावून कागद परत द्यायचे. नवसी पुन्हा आखायची. पावसाळा सरता सरता त्यांनी एक कागद खिडकीशी धरून बराच वेळ न्याहाळला.

"शाबास! यात मला सांगण्यासारखं काही उरलं नाही."

नवसीनं धावत जाऊन आईला मिठी मारली. आई, जमुना, तिथंच पाट्या रंगवायला होती.

पुढच्याच सोमवारी कारखान्यात छपाईची जाळी आली. नवसीच्या त्या एका नकाशावरून आता हव्या तेवढ्या पाट्या छापता येणार होत्या. मालकानं नवसीला ठेवलं आणि बाकीच्या आठजणींना घरी जायला सांगितलं.

नवसी फाटकापर्यंत आईच्या मागं गेली. "मला ठावं नव्हतं गो, आये."

जमुना रागावली नाही. बोटांवरचा रंग पदराला पुसत ती म्हणाली, "एकादी चूक राहू द्यायचीस ना, पोरी."