गोंदाची बोटं
"तुझ्या बहिणीच्या हाताला वळणच नाही, म्हणून सलाईनची सुई धरणारी चिकटपट्टी सुटली. त्यात कारखान्याचा काय दोष?" मॅनेजर खेकसला. धाकटीची नर्सची नोकरी त्यापायी कालच गेली होती. थोरली याच कारखान्यात, पट्टीला गोंद लावायच्या मशीनवर बारा वर्षं उभी. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं त्याच्या टेबलाच्या काचेवर दोन पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या, एक जुनी, एक यंदाची, आणि अर्ध्यापर्यंत सोलल्या. सुटणाऱ्या कडेला गोंद ताणला जाऊन त्याची बोटांसारखी टोकं, गोंदाची बोटं, उमटली: जुनीला रुंद, नवीला कंगव्याच्या दातांसारखी दाट. "गोंदाचा थर पातळ केला की बोटं दाट होतात, आणि पट्टी सुटते. हळू ओढा नाहीतर हिसडा, फरक पडत नाही. गोंद तुम्ही चोरलात!" "तुझाही हात थरथरतोय," म्हणत त्यानं नवी पट्टी स्वतः सोलली. तीच दाट बोटं उमटली. "बोला साहेब, आता कोणाच्या हाताला नावं ठेवायची?"