कर्नलचा उजवा हात

मेलेल्या माणसाला अधू ठेवून भिंतीवर लावायचं नाही, हा संगमेश्वरातल्या आमच्या फोटो स्टुडिओचा शिरस्ता. मिटलेले डोळे आम्ही उघडतो, पडलेले दात बसवतो, जन्मात कधी न घातलेला कोटही अंगावर चढवतो. म्हणून अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांच्या पणजोबांचा, उजव्या खांद्याखाली पाण्याने पार पुसला गेलेला फोटो ईमेलवरून दुरुस्तीला पाठवला, तेव्हा मी काही विचारलंच नाही. बाबांना म्हटलं, "उजवा हात गुडघ्यावर ठेवा, पंजा मोकळा सोडा." त्यांच्या हाताचा फोटो काढला आणि तो हात त्या गणवेशातल्या माणसाला बेमालूम जोडून पाठवून दिला. आज दुपारी बाईंचं उत्तर आलं. पणजोबा आधी वकील होते, मग लढाईत कर्नल झाले. तिथेच त्यांचा उजवा हात कापून पुरावा लागला. पुढे रिकामी बाही मिरवत त्यांनी कोर्टात खटले जिंकले, निवडणुकाही जिंकल्या. पण मरेपर्यंत एकच तक्रार करायचे, "त्या पुरलेल्या हाताची मूठ आवळली गेलीय. कळा येतात. कुणीतरी ती उघडा." मी फोटो पुन्हा बघितला. कर्नलचा पंजा गुडघ्यावर निवांत पसरला होता. मूळ फोटोत त्यांच्या कपाळावर खोल आठी होती; तिला मी हातही लावला नव्हता, पण ती आता दिसत नव्हती. तेवढ्यात बाहेर काउंटरवर चहाचा ग्लास फुटल्याचा आवाज आला. "बाय, जरा हिकडं ये गो," बाबा म्हणाले, "माजी मूठ उघडत न्हाय."